रंगाचा रकाना उघडा राहिला

बीड, ११ फेब्रुवारी २००३

आदरणीय विश्वेश्वरदादांस,

सिद्धारामचा शरणु शरणार्थी. पुण्याच्या थंडीत तब्येत जपून असाल. इकडे सर्व खुशाल. तुम्ही आपल्या मंडळाला करून दिलेली वधू-वर वेबसाइट तेवढी आजारी होती. (ई-मेल केला असता, पण मंडळाचे ई-मेल आमचे सचिव कल्याणराव मोठ्याने वाचतात.)

शुक्रवारपासून वधूंची यादी मागितली की अर्धा मिनिट काहीच होत नसे आणि मग 'टाइमआउट, डेटाबेस उत्तर देत नाही' असे येई. वर-मुलगे भराभर दिसत; त्यांना कोणी विचारत नाही. रविवारी कपिलधारला वधू-वर मेळावा. तोवर यादी आली नाही तर वेबसाइट बंद, वह्या सुरू आणि मी मंडळाची नोकरी सोडून नेकनूरला वडिलांच्या दुकानात, असे कल्याणरावांनी ठरवून टाकले. टेलिफोनवाल्याने वायर बदलली. कल्याणरावांनी कॉम्प्युटरला विभूती लावली. मी पुसली, त्यांनी परत लावली. शेवटी तुम्ही फोनवर सांगितले तसे, कोणाची नोंद दुरुस्तीला उघडून तशीच राहिली आहे का, ते शोधले.

सापडली. धर्मापुरीच्या दानम्माकाकू शुक्रवारी लेकीची, प्रणिताची, माहिती दुरुस्त करायला आल्या होत्या. रंगाच्या रकान्यात 'गोरी' लिहायचे की 'गव्हाळ', यावर त्यांचे आणि काकांचे जमेना. (प्रणिता शेजारीच बसली होती.) मग आत्याला विचारून येतो म्हणून तिघे परळीच्या गाडीने गेले. पाहुण्यांचे काम अर्धवट असताना फॉर्म बंद करणे बरे दिसत नाही, म्हणून कल्याणरावांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून तो तसाच चालू ठेवला. चार दिवस अख्खा डेटाबेस आत्याच्या मताची वाट पाहत होता. काल सकाळी मी फोन करून प्रणितालाच विचारले. ती म्हणाली, रकाना रिकामा ठेवा. ठेवला, फॉर्म बंद केला, यादी आली.

वहिनींना नमस्कार.

आपला,
सिद्धाराम

ता. क. काल दुपारपासून यादी पुन्हा येत नाही.

ता. क. २ या वेळी उघडी राहिलेली नोंद तुमच्या बहिणीची, रुद्राणीची आहे आणि ती मी उघडी ठेवली आहे. ती उंची दुरुस्त करायला आली होती. मी फॉर्म बंद करू लागलो तर म्हणाली, "रविवारपस्तोर असूच द्या. दादाला पत्र घाला. तवर मला कुनालाच दिसायचं न्हाई." दादा, मला ती फार आवडते. रविवारच्या आत येऊन तुमच्या वडिलांशी बोला. तुम्ही नाही म्हणालात तरी यादी सुरू करीन, मंडळाचे नुकसान करणार नाही. वरांच्या यादीतून माझे नाव मात्र मी कालच काढून टाकले आहे.