गैरहजर मुलांचे गुण

कारंजा (लाड),
रविवार, २१ जानेवारी १९७९

प्रिय सोजर,

गेल्या रविवारी मी तांड्यावर आलो, तुझ्या ओसरीत बसून चहा प्यालो आणि परत गेलो. तुला वाटलं असेल, गुरुजी सहज आले. तू पोरांना माझ्या पाया पडायला लावलंस. प्रेमसिंगराव फाट्यापर्यंत सोबत आले आणि एस.टी. येईपर्यंत उन्हात उभे राहिले. त्यांना मी दोनदा म्हटलं, तुम्ही जा, पण त्यांनी ऐकलं नाही. नवऱ्यानं बायकोच्या गुरुजींचा ठेवावा तेवढा मान त्यांनी ठेवला आणि मला तो मान अंगावर घेववेना. मी सहज आलो नव्हतो, सोजर. तुला काही सांगायला आलो होतो. तू कपबशी पुढे केलीस आणि मी नुसता चहाच पीत राहिलो. आज सुट्टी आहे, माय शेजारच्या लिलाबाईंकडे गेली आहे, घरात मी एकटाच आहे. तोंडानं जमलं नाही ते कागदावर जमतं का, पाहतो.

कामरगावच्या शाळेत तू माझ्या सातवीच्या वर्गात होतीस ते आठवतं. तांड्यावरून रोज पायी यायचीस, आणि त्या वर्षी तांड्यावरची सातवीपर्यंत पोचलेली तू एकटीच मुलगी होतीस. एकदा मी तुला विचारलं होतं की तुझ्याबरोबर पहिलीत बसलेल्या बाकीच्या पोरी कुठं गेल्या. तू म्हणालीस, “गुरुजी, मास्तर काय बोलून राह्यले थेच समजत नव्हतं. दोन वर्सं मी निस्ती मान हालवली. त्यायले मान हालवाचा कंटाळा आला, त्या घरी बसल्या.” वर्ग हसला, तूही हसलीस. मी मात्र ते विसरलो नाही. कारण अमरावतीला बी.एड.ला असताना मी ‘मले’ म्हटलं की मागच्या बाकावरची मुलं खोकायची. माझी मराठी तरी त्यांच्या मराठीची चुलत बहीण होती. तुम्हा बंजाऱ्यांच्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या लेकरांना तर पुस्तकातली आई आणि भाकरी दोन्ही अनोळखी. घरात याडी आणि बाटी.

म्हणून एम.एड.च्या प्रबंधाला मी तोच विषय घेतला. दुष्काळ नुकताच सरला होता. दोन तांडे निवडले. पलीकडच्या तांड्यावर मराठी नेहमीसारखी, मराठीतूनच शिकवायची. तुझ्या तांड्यावर आधी गोरमाटीतून अर्थ सांगायचा, मग मराठी शब्द द्यायचा. वर्षाअखेर दोन्हीकडे एकच परीक्षा, पन्नास गुणांची. तुझ्या तांड्यासाठी मदतनीस म्हणून तुला नेमायला लावलं तेही मीच. तू किती घाबरली होतीस! आणि महिन्याभरात काय वर्ग उभा केलास! मी यायचो तेव्हा लिंबाखाली बसून ऐकायचो. तू एक शब्द तुमच्या बोलीत बोलायचीस, लेकरं तो मराठीत ओरडायची, मग उलट. धुरपता नावाची ती लहानी पोरगी धडा संपायच्या आधी पुढचं पान उलटायची आणि तू तिचा हात धरून ठेवायचीस.

परीक्षेनंतर मी काय हिशेब केला तो तुला कधी समजावून सांगितला नाही. आज सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. समज, तुमच्या तांड्यावरच्या धरमसिंगकाकांनी एका वावरात नवं सरकीचं बियाणं लावलं आणि दुसऱ्यात जुनं. नव्या वावरात कापूस थोडा जास्त निघाला. तेवढ्यानं नवं बियाणं चांगलं ठरत नाही. तिथं एखादी सर जास्त पडली असेल. म्हणून आधी असं धरून चालायचं की दोन्हींत फरक काहीच नाही. याला आम्ही शून्य परिकल्पना म्हणतो. मग पाहायचं, खरोखर फरक नसता तर एवढी तफावत नुसत्या योगायोगानं किती वेळा दिसली असती. शंभरात पाचापेक्षा कमी वेळा दिसणार असेल, तर ती परिकल्पना सोडून द्यायची आणि म्हणायचं, फरक आहे. नाहीतर एवढंच म्हणायचं की फरक दाखवता आला नाही. नीट वाच, दाखवता आला नाही. फरक नाही, असं नव्हे.

तुझ्या वर्गात चोवीस लेकरं, पलीकडच्या तांड्यातही चोवीस. पंचाहत्तरच्या मार्चमध्ये तू मला गुणांची यादी पाठवलीस. वीस नावांपुढे गुण होते आणि चार नावांपुढे गोल. मी ते शून्य म्हणून उतरवून घेतले. त्या चारांत धुरपताचं नाव होतं. ज्या पोरीला मी लिंबाखाली बसून धडेच्या धडे वाचताना ऐकलं, तिच्या नावापुढे मी माझ्या हातानं शून्य लिहिलं आणि माझा हात थांबला नाही. प्रबंध देण्याची तारीख जवळ आली होती, तक्ते भरायचे होते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. सरासरी काढली. पलीकडची चोवीस आली, तुझी सव्वाचोवीस. तफावत योगायोगाची आहे का ते ज्यावरून ठरवतात ते टी-मूल्य छापील तक्त्याशी ताडून पाहण्याच्याही लायकीचं नव्हतं. मला वाईट वाटलं. पण मार्गदर्शक सरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “देवमन, हवं होतं ते उत्तर आलं नाही तरी तू ते जसंच्या तसं मांडलंस. संशोधकाला हेच शोभतं.” ते ऐकून मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

प्रबंध टंकलिखित होऊन बांधून गेला. जूनमध्ये, तोंडी परीक्षेच्या आधी, मी सगळे कागद गठ्ठ्यात बांधत होतो. तुझ्या पाकिटात आणखी एक चिटोरं निघालं, घडी न उलगडलेलं. तुझं अक्षर. “गुरुजींना नमस्कार. परीक्षेच्या आठ दिवस आधी मुकादमाची ट्रक आली आणि दोन घरं धरणाच्या कामावर गेली. त्यांची चार लेकरं गैरहजर. हजेरीत करतो तसा त्यांच्या नावापुढे गोल केला आहे. ती परत आली की त्यांची परीक्षा घेऊ का, कळवावे.” सोजर, तू विचारलं होतंस. मी कळवलं नाही, कारण मी वाचलंच नव्हतं.

त्याच दुपारी मी चार नावं बाजूला ठेवून हिशेब पुन्हा केला. तुझ्या वीस लेकरांची सरासरी एकोणतीसच्या वर गेली. पलीकडच्यांपेक्षा पाच गुण जास्त. टी-मूल्य दोन पूर्णांक चार, फरक आहे म्हणायला तक्त्याप्रमाणे लागतं दोन पूर्णांक शून्य दोन. मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच आलं. तू जे केलं होतंस ते आकड्यांत उतरलं होतं, आणि बांधलेल्या प्रबंधात नेमकं त्याच्या उलट छापलं होतं.

तेव्हा मी अमरावतीची गाडी धरून सरांपुढे उभं राहायला हवं होतं. मी उभा राहिलो नाही. प्रबंध मागे घ्यावा लागला असता, वर्ष गेलं असतं, आणि विस्तार अधिकाऱ्याच्या जागेची मुलाखत ऑगस्टात होती. आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. आमच्या वस्तीतला मी पहिला एम.एड. निकालाआधीच माझी माय, भागिरथाबाई, घरोघरी सांगत फिरत होती. कॉलेजातल्या त्या खोकणाऱ्या मुलांना हे कळलं तर ते काय म्हणतील, याची मला भीती वाटली. माझी चूक ते माझ्या सगळ्या माणसांच्या नावावर लिहितील, असं वाटलं. भीती खोटी नव्हती. पण तिच्यासाठी मी तुझ्या माणसांच्या नावावर काय लिहिलं, ते तेव्हा पाहिलं नाही. मी चिटोरं घडी करून वहीत ठेवलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही माझ्या प्रामाणिकपणाची वाखाणणी केली. मी मान खाली घालून ऐकलं. त्यांना तो विनय वाटला.

मला जागा मिळाली. दिवाळीच्या सुमारास खात्यातल्या एका साहेबांनी माझा प्रबंध चाळला आणि हुकूम काढला. त्यात लिहिलं होतं, बोलीचा शिकवण्यात उपयोग होत नसल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे, सबब मदतनिसाची जागा रद्द. माझ्या प्रबंधात तसंसुद्धा नव्हतं. फरक दाखवता आला नाही, एवढंच होतं. निदान एवढं तरी मी साहेबांना सांगू शकलो असतो. नव्या नोकरीचा तिसरा महिना होता, मी गप्प बसलो.

आणि मग तू कारंज्याला आलीस. बाजाराचा दिवस होता, कडेवर लहानगा होता. मला वाटलं, भांडायला आलीस. मी तयारीही केली होती. तू दारात उभी राहून म्हणालीस, “गुरुजी, तुमी मायासाठी एवढं केलं अन् माया हातून काहीच झालं नाई. तुमचं नाव खराब झालं असन तर माफ करा.” मग म्हणालीस, “लेकरं घरी तर धडाधड वाचतेत. मंग परीक्षेत काहून नाई जमलं त्यायले?” चिटोरं आतल्या खोलीत, दहा पावलांवर होतं. मी म्हटलं, “आकडेच तसे आले, सोजर. त्याले मी काय करू?” तू मान हलवलीस. पहिलीतल्यासारखी, न समजता. माझ्या मायनं तुला जेवायला बसवलं आणि तू पोटभर जेवलीस, याचंही मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता तो घास मला आठवतो आणि ताटावरून उठावंसं वाटतं.

त्यानंतर मी तुमच्या तांड्याचा दौरा टाळत आलो. तिकडच्या शाळांची तपासणी मी दुसऱ्यांना दिली. लांबची, जऊळक्याकडची गावं मुद्दाम मागून घेतली. धुरपता आता शाळेत जात नाही एवढं मला माहीत आहे. त्यापुढचं मी विचारलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही. बाकीच्या तिघांची तर मला नावंही यादी पाहून सांगावी लागतील. अधूनमधून मी स्वतःची समजूत घालायचो की जागा आज ना उद्या रद्द झालीच असती, सोजरचा संसार आहे, ती विसरली असेल. तू विसरली असशील याच एका गोष्टीवर मी ही तीन वर्षं काढली.

पंधरा दिवसांपूर्वी धरमसिंगकाका कापूस घेऊन बाजारात आले होते, ते माझ्याकडे आले. सरकारनं प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले आहेत, तांड्यावरही एक मंजूर झाला आहे, आणि बायांना शिकवायला बाईच हवी म्हणून सगळ्यांनी तुझं नाव सुचवलं, हे त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, वा. तर ते म्हणाले, “सोजर नाई म्हणते ना गुरुजी. म्या लय समजावलं. म्हणते, काका, मले शिकवता येत नाई, सरकारच्या कागदावर लिवलं हाय. थो कागद थे अजून पेटीत जपून राह्यली.” त्यासाठी मी आलो होतो त्या रविवारी, आणि त्यासाठीच हे लिहितो आहे. जागा रद्द केल्याचा तो कागद खोटा आहे, सोजर, आणि तो मी खोटा होऊ दिला. तुझं चिटोरं, तुझी यादी आणि नव्यानं केलेला हिशेब या तिन्हींच्या नकला सोबत आहेत. मूळ कागद काल मी माझ्या कबुलीसह विद्यापीठाला रजिस्टरनं पाठवले, आणि त्यांच्या नकला वरच्या साहेबांना. माझं काय व्हायचं ते होईल, त्याचा विचार तू करू नकोस. त्या हिशेबावरून साऱ्या तांड्यांबद्दल काही सिद्ध होतं असंही मी म्हणणार नाही. दोनच तांडे होते, शिक्षकही वेगवेगळे. पण तुझ्यापुढे बसलेली ती वीस लेकरं मराठी शिकली, आणि ती तू शिकवलीस. माफी मागत नाही, कारण तू ती लगेच देशील, मला माहीत आहे. वर्गासाठी अर्ज द्यायची शेवटची तारीख ३१ जानेवारी आहे. कोरा फॉर्म पत्रासोबत ठेवला आहे. हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखव, प्रेमसिंगरावांना आधी. मग फॉर्म भर.

तुझाच,
ज्याला तू अजून गुरुजी म्हणतेस तो
देवमन