ठिपक्यावर उतरले, त्याची हकीकत

सुरत,
१२ मार्च १९९६

प्रिय कुमुद,
अनेक आशीर्वाद.

तुला आठवतं का, भुसावळला कॉन्व्हेंटमध्ये असताना संध्याकाळी आपण दोघी घरी स्वयंपाकघरात पाटावर वह्या ठेवून भूगोलाचे नकाशे काढायचो? तू भारताचा आकार झरझर काढायचीस आणि डावीकडच्या समुद्रातले ठिपके तेवढे गाळायचीस. म्हणायचीस, "एवढ्याशा ठिपक्यावर कोण मरायला राहतंय?" सिस्टर बर्नडेट मार्क कापायच्या, म्हणून तुझ्या नकाशातले ठिपकेही मीच काढायची, पेन्सिलीला टोक करून, श्वास रोखून. ड्यूटीवरून आलेले बाबा रेल्वेतल्या गार्डाचा कंदील कोपऱ्यात ठेवायचे आणि वाकून बघायचे. "लीलेचा हात म्हणजे सोनाराचा हात."

तर त्या ठिपक्यांवर जाऊन आले. तुझ्या गुडघ्यानं ऐन वेळी घात केला नसता तर दोघी गेलो असतो. आता कसा आहे? जिने चढतेस का?

मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे. ती आधी लिहिली तर बाकीचं राहून जाईल, म्हणून आधी प्रवासाचं सांगते. अक्षराला हसू नकोस. सरलाबाईनं पेनाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून दिली आहे, त्यामुळे ते गाजराएवढं जाड झालंय.

सोबतीला शेजारचे भाईदासभाई आणि त्यांच्या मिसेस होत्या. साडीचं दुकान बंद ठेवून निघाले होते, त्यामुळे पहिला दिवस माल आला असेल की नाही यातच गेला. कोचीनहून निघालेलं जहाज लहानसंच होतं, पण तेही बेटाला लागत नाही. भोवती प्रवाळाचं कडं असतं, म्हणून लांब समुद्रातच थांबतं. मग जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडतात आणि खाली छोटी होडी येऊन उभी राहते. उभी कसली, नाचते. आत्ता तुझ्या पायाशी असते, आणि पाय उचलावा तर पुरुषभर खाली गेलेली.

दारात कोया नावाचा खलाशी उभा असायचा. वयानं आपल्या प्रवीणएवढा. प्रत्येकाला तेच सांगायचा, "हाथ नहीं, कलाई. मैं तुम्हारा पकड़ेगा, तुम मेरा पकड़ो." दोघांनी एकमेकांची मनगटं धरायची, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते.

पहिल्या बेटाला मी त्याचं मनगट धरलं आणि माझी बोटं उघडली. आपोआप, फुलासारखी. मी होडीत गुडघ्यावर आपटले. त्यानं धरलं होतं म्हणून पाण्यात गेले नाही. "अम्मा, पकड़ा नहीं?" मी म्हटलं, हात ओला होता. भाईदासभाई मागून ओरडले, "लीलाबेन, आपणे तो सुरती! दरियो जोवानो, एमां पग नहीं मूकवानो!" म्हणजे आपण सुरतकरांनी दर्या नुसता बघायचा, त्यात पाय नाही टाकायचा. सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं असं सांगून जहाजावरच राहिले. कठड्याशी उभी राहून होडी लहान लहान होत जाताना पाहिली. कुमुद, डोकं दुखत नव्हतं.

तिसरं बेट शेवटचं. आधीच्या दोन्ही ठिकाणी गाइडच्या मागून शाळेच्या सहलीसारखं फिरायचं होतं. इथे मात्र मोकळीक होती. ज्यानं त्यानं आपापलं भटकावं आणि दुपारच्या होडीनं परतावं. मला हेच हवं होतं. ठिपक्यावर कुणाच्याही मागून न चालता, एकटीनं. पण समुद्र त्या दिवशी जास्तच उसळत होता. दोन माणसं दारातून माघारी फिरली. माझी पाळी आली तेव्हा कोयानं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मेरे हाथ में जान नहीं रही. बीमारी है. पर मुझे उतरना है."

लिहून टाकलं बघ. हे मी पोटच्या पोराला, प्रवीणला सांगितलेलं नाही, तुला सांगितलं नाही, आणि सांगितलं ते एका परक्या पोराला, मोडक्या हिंदीत, लोक मागे खोळंबलेले असताना.

त्यानं होडीतल्या दुसऱ्या खलाशाला हाक मारली. "तो अम्मा, आज तुम कुछ मत पकड़ो. मैं बोलूँ तब पाँव रखो." दोघांनी मला कोपराच्या वर धरलं. किती अवघड असतं गं, काहीही न धरणं! होडी वर आली, तो म्हणाला "अब", आणि मी पाय ठेवला.

बेटावर नारळाच्या सावलीतून सरळ चालत गेले. पाय दमायच्या आत समोर दुसरा समुद्र आला. एवढीच त्या ठिपक्याची रुंदी. एका घरापुढे बायका मासे सुकवत होत्या. त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना. एकीनं शहाळं दिलं. मला ते एका हातात पेलेना, तर तिनं तळाशी आपला हात लावून ते माझ्या तोंडाशी धरलं आणि पदरावर सांडलं म्हणून खळखळून हसली. मी कितीतरी वेळ तिथे बसले. मला कुणी हाक मारली नाही.

आता राहिलेलं.

सुरुवात दिवाळीच्या सुमाराला झाली. सरलाबाई एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, तुम्हना हातले काय व्हयनं? रोज कप फुटस." मी म्हटलं, निसटला गं. "रोज निसटस?" तेव्हा डॉक्टरकडे गेले. अंगठा आणि पहिल्या बोटामधला उंचवटा बसला आहे. तिथे आता खळगा आहे. नसांचा आजार आहे. औषध नाही. डाव्या हातात येईल, पायात येईल, पुढे बोलणं आणि गिळणं. डॉक्टर भला माणूस, त्यानं काही लपवलं नाही. प्रवीणला मी रविवारी फोन करीन. तो ये म्हणेल, पल्लवीही मनापासून म्हणेल. पण त्यांच्याकडे दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात, आणि मला दिवसभर परक्या नर्सच्या हातून जेवायचं नाही.

काही वस्तू आत्ताच वाटून टाकायच्या आहेत, माझ्या डोळ्यांदेखत. मला उचलवत नाहीत, म्हणून तू करायचंस.

शिलाई मशीन सरलाबाईच्या योगिताला. ती साड्यांना लेस लावायचं काम घरी आणते. भाड्याच्या मशीनवर तिची पाठ मोडते.

ह्यांचा रेडिओ सरलाबाईच्या नवऱ्याला, धुडकूला. तो उधन्याला कापडाच्या लूमवर असतो, त्या खडखडाटानं ऐकू कमी येतं त्याला. आवाज मोठा आहे म्हणून सांग.

क्रोशाच्या सुया पल्लवीला. ती कपाटात टाकून देईल. टाकू दे. पाटल्याही तिलाच, माझ्या हातातून घसरतात.

मोठी पितळी कढई भाईदासभाईंच्या मिसेसना. दर संक्रांतीला उंधियूसाठी मागून नेतात आणि परत करताना त्यांचा जीव जातो.

आणि दाराची दुसरी किल्ली तुला. याच पाकिटात आहे, सरलाबाईनं फडक्यात शिवून दिलेली. म्हणून पत्र रजिस्टरनं पाठवते. आतली कडी मी लावत नाही, मला लावता येत नाही. मागायचं होतं ते हेच, गुडघा बरा झाला की राहायलाच ये. बेल वाजवून माझी वाट बघत उभी राहू नकोस. उघड आणि आत ये.

तुझीच,
लीलाताई