सर्व प्रवासी सुखरूप

मी, वय सदुसष्ट, एका वृत्तवाहिनीचा निवृत्त पट्टीलेखक, म्हणजे टीव्हीच्या तळाशी बातमीची जी ओळ सरकत जाते ती लिहिणारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे, असं खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई लिहून द्यायला तयार आहेत. हृदयाबद्दल त्या काही बोलत नाहीत. बुधवारी ते उघडून बघणार आहेत. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. नळ नीट बंद आहे का, तेच दोनदा बघून आलो. आता एकदाचं उरकतो.

कलम एक. हे दोन खोल्यांचे घर व बँकेतली शिल्लक माझ्या मुलीस मिळावी. गॅलरीचं दार फुगतं, त्याला खांदा लावावा लागतो. लाथ मारू नये, हे जावयाने विशेष ध्यानात ठेवावं.

कलम दोन. संकलनाचा संगणक, त्याचे दोन्ही पडदे व हेडफोन माझ्या माहितीपटाच्या कॅमेरावालीस द्यावेत. बिचारीने सहा वर्षं माझी चिडचिड सोसली आणि एकदाही कॅमेरा माझ्या डोक्यात घातला नाही.

कलम तीन. आमच्या संपादकांना (कचेरीत त्यांचं नाव ‘आधी आपण’ असं पडलं होतं) माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. ते दहा मिनिटं पुढे चालतं. त्यांना आवडेल.

हे असं का, ते सांगतो. आठ वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास फेरीबोट उलटली. आमच्याकडे रीत अशी, की बातमी दोन ठिकाणांहून आली की पक्की. बंदर कचेरीचा फोन कोणी उचलेना. शेजारच्या वाहिनीवर माणसं वाचल्याचं दिसू लागलं. संपादक माझ्या खुर्चीमागे येऊन ओरडले, “आपण काय झोपलोय का? टाक!” मी टाकलं: सर्व प्रवासी सुखरूप. दुसरं ठिकाण शोधलंच नाही.

तिकडे बंदर कचेरीत आमचीच वाहिनी लावलेली होती. अधिकाऱ्याने ओळ वाचली आणि निघालेल्या दोन बचावनौका माघारी बोलावल्या. मंत्र्यांनी त्या अधिकाऱ्याचं अभिनंदन केलं, ते आम्ही दाखवलं. उलट्या बोटीच्या पाठीवर माणसं दुपारपर्यंत चिकटून होती, एकेक करून सुटत गेली. एकशे बारा गेली. चौकशीत सगळा दोष बोटीच्या चालकावर आला. तो बुडालेलाच होता, त्याला काय बोलता येणार! तेही आम्ही दाखवलं.

निवृत्त झाल्यावर मी या सगळ्याचा माहितीपट केला. अधिकारी त्यात सरळ म्हणतो, “आम्ही टीव्हीवर पाहिलं ना!” मी कॅमेऱ्यामागून म्हणतो, “आम्हाला वाटलं, त्या दुसऱ्या वाहिनीला तुम्हीच सांगितलंत.” तो भाग मी कापलेला नाही. शेवटच्या नऊ मिनिटांत मी स्वतः खुर्चीत बसून सांगतो, की ती ओळ माझी. ती मिनिटं कॅमेरावालीखेरीज कोणी पाहिलेली नाहीत. धैर्य झालं नाही, हेच खरं.

कलम चार. सदर माहितीपट माझ्या मृत्यूनंतर, त्याआधी नव्हे, धक्क्याजवळच्या सभागृहात दाखवावा. मुलीने मायेपोटी शेवटची नऊ मिनिटे कापू नयेत.

इथवर लिहून साक्षीदारांना वर बोलावलं. एक डॉक्टरीणबाई. दुसरी धक्क्याजवळची शिंपीणबाई. त्या बोटीत तिचा नवरा आणि नणंद होती. माहितीपटासाठी ती सहा वर्षं याच टेबलाशी येऊन मन मोकळं करत आली आहे. मी म्हणालो, साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त माझी सही बघायची असते.

“न वाचता?” ती म्हणाली. “मी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही.” आणि उभ्याउभ्याच वाचू लागली. हिसकावून घ्यावं असं वाटलं. हात उचलला नाही.

वाचून झाल्यावर ती बसली.

“म्हणजे ती ओळ तुमची.”

“माझी.”

“ती वाचून मी चहा ठेवला होता. तीन कप मांडले. म्हटलं, भिजून येतील दोघं.” मग एकदम तिचा आवाज चढला. “सहा वर्षं मी तुमच्यापुढे रडले हो! आणि तुम्ही मेल्यावर आम्ही हे बघायचं? मग भांडायचं कुणाशी? फोटोशी?”

मला तोंड वर करवेना. डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी धरली, मी हात सोडवून घेतला. लाज वाटली, अजून वाटते आहे.

कलम चार मी माझ्या हाताने खोडले आहे. खाडाखोडीवर तिघांच्या सह्या आहेत. माहितीपट उद्या, रविवारी, दुपारी चार वाजता धक्क्याजवळच्या सभागृहात दाखवला जाईल, पूर्ण. त्याचे हक्क पुढे मुलीकडे राहतील. तिला मी आत्ताच फोन करून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, फोन ठेवला नाही. बुधवारची मला भीती नाही. उद्याची आहे.

शिंपीणबाई म्हणाली, “सही करतेय म्हणजे माफ केलं असं समजू नका.” मी तसं समजलेलो नाही.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: सोळा, शनिवार.

सही: मृत्युपत्र करणारा.

साक्षीदार पहिली: डॉक्टर. यांची शुद्ध पूर्ण आहे. नाडी जलद.

साक्षीदार दुसरी: शिंपीण. माझ्यादेखत सही केली. उद्या चारला हे आले नाहीत, तर मी वर येऊन घेऊन जाईन.