बावीस नंबरची शेवटची टेप

प्रिय सुधाकर,

तू गेल्यावर दोन महिने मी कागदाला हात लावला नाही. आज लावतोय, कारण आज मला तुझा राग आलाय. वहिनी कायमच्या पुण्याला निघाल्यात, म्हणून कपाटं आवरायला गेलो होतो. निखिलकडे अमेरिकेला जायचं म्हणून तू घेतलेल्या स्वेटरांखाली एक व्हिडिओ टेप सापडली. वर तुझ्या लेकाचं, निखिलचं अक्षर: ‘लास्ट गेम, भाऊकाकांसाठी.’

माझ्यासाठी आलेली टेप तुझ्या स्वेटरांखाली कशी रे?

निखिल तिकडे कॉलेजला गेला आणि त्यांच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या टेपा पाठवू लागला. शुक्रवारी जेवणं झाली की आपण दोघं तुझ्या इथल्या, अबुधाबीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर. मी म्हणालो, “फुटबॉल म्हणतात आणि पाय कुणीच लावत नाही?” तू म्हणालास, “भाऊ, तो बावीस नंबरवाला बघ. कबड्डीतला रेडर समज, फक्त चेंडू काखोटीला मारून पळतो.” बाकीचे नियम मी बघून बघूनच शिकलो, इंग्रजी शिकलो तसे. पहिलं वर्ष बाकावर काढलेलं ते पोरगं तिसऱ्या वर्षी चार-चार जण अंगावर घेऊन पळायचं. तू “यल्ला, बावीस, पळ पळ” म्हणत सोफ्यावरून उठायचास आणि वहिनी आतून म्हणायच्या, “खालचे लोक वर येतील हं आता.”

नियम तुझाच होता. टेप येईपर्यंत निकाल विचारायचा नाही. एकदा निखिल फोनवर सांगायलाच लागला, तर मी रिसीव्हर वहिनींच्या हातात कोंबला. इतका पाळला मी.

मग शेवटच्या वर्षी टेपा बंद. तू म्हणालास, “निखिलचा व्हीसीआर बिघडलाय. पण बावीस मोठ्या टीममध्ये गेला बरं का, प्रोफेशनल.” मी ऑफिसात पेढे वाटले. “किसका लडका?” लोक विचारायचे. “अपना ही है.” तूही समोर उभा राहून पेढा खाल्लास. घशाखाली कसा उतरला?

आज टेप लावली. रिवाइंड केलेली नव्हती. तू जिथे बंद केलीस तिथूनच सुरू झाली. बावीस गुडघा धरून गवतावर पडलेला. निखिलला फोन लावला. “काका, बावीस नेव्हर प्लेड अगेन. बाबांना सांगितलं होतं मी.” वहिनी म्हणाल्या, ही टेप आली त्याच आठवड्यात तुझे रिपोर्ट आले होते. आणि मला तू सांगितलंस, ॲसिडिटी आहे.

मी काय काचेचा होतो? वीस वर्षं एका डब्यातलं जेवलो, आणि एवढाही विश्वास नाही? दवाखान्यात तुझ्या शेजारी बसलो असतो रे. काही बोललो नसतो, नुसता बसलो असतो.

टेप वहिनींनी मला दिलीय. शुक्रवारी जेवण झालं की पहिल्यापासून लावीन. पडण्याआधी तो धावला असेल ना, ते मला बघायचंय. आणि तू थांबलास तिथे मी थांबणार नाही. शेवटपर्यंत बघेन, शब्द देतो.

मॅच कुणी जिंकली, ते निखिल मघाशी सांगायला लागला होता. मी रिसीव्हर वहिनींकडे दिला. माझ्याकडून नियम अजून चालू आहे.

तुझाच,
भाऊ