गोदामातला नवा खांब

तीर्थरूप मामांना वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच वाकलो आहे, समक्ष आलो की नीट वाकेन.) तुमचा खोकला कसा आहे? मामी डोळ्यांत थेंब वेळेवर घालतात ना? इकडे आम्ही सगळे मजेत. पत्राला उशीर झाला तो आमच्या गोदामात आलेल्या नव्या यंत्रणेमुळे.

गोदाम तुम्ही पाहिलंच आहे. पंप आणि जनरेटरचे सुटे भाग, छतापर्यंत फळ्याच फळ्या. काय संपत आलंय, काय मागवायचं, कुठल्या ट्रकमधून काय धाडायचं, हे आजवर मी ठरवायचो. आता फळीलाच आपल्यावरच्या मालाचं वजन कळतं आणि ती परस्पर कारखान्याला मागणी कळवते. पुढच्या महिन्यात काय खपेल हे संगणक आधीच सांगतो. (बहुतेक वेळा बरोबर सांगतो, हे जास्त लागतं.) आणि माल वाहायला बुटक्या, बिनचालकाच्या गाड्या आल्यात. समोर माणूस दिसला की त्या थांबतात आणि गोड बायकी आवाजात म्हणतात, "कृपया वाट द्या."

आमचे सगळ्यात जुने हमाल, ज्यांना सगळे पैलवान म्हणतात, त्यांना हे झोंबलं. अरुंद बोळात एक गाडी समोर आली आणि ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "मी इथं जन्म काढला, ही परवा आली. तिनं सरकावं." गाडीची समजूत अशी, की माणूस शेवटी सरकतोच. (तिची पैलवानांशी ओळख नव्हती.) मागे गाड्यांची रांग लागली. प्रत्येक गाडी गोड आवाजात वाट मागू लागली. एखाद्या लग्नघरात सगळ्या आत्या एकदम बोलाव्यात तसं झालं.

बाहेर ट्रक खोळंबला होता. त्यात एका दवाखान्याच्या जनरेटरचा पट्टा जायचा होता, आणि तो नेमका ह्याच गाडीवर. मी पैलवानांना म्हटलं, "अहो, तिथं वीज गेली तर पेशंटचं काय?" त्यांचा चेहरा पडला. पण सरकले नाहीत. गाडीवरचं खोकं उचलून खांद्यावर घेतलं, तडक ट्रकमध्ये नेऊन ठेवलं, आणि परत येऊन त्याच जागी उभे राहिले.

दवाखान्याला पट्टा वेळेत मिळाला. पण गाडीनं तो पोचवलाच नव्हता, म्हणून यंत्रणेच्या मते तो गेलाच नव्हता. तिनं दुसरा पाठवला. दुसऱ्याची पोच पहिल्याच्या नावावर लागली, म्हणून तिसरा. शेवटी दवाखान्यातून फोन आला : "साहेब, आमच्याकडे जनरेटर एकच आहे हो."

आमचे साहेब भडकले. पैलवानांना घरी पाठवायचं ठरलं. ते डबा आवरायला लागले. तेवढ्यात यंत्रणा बसवणारी इंजिनियर मुलगी हसत आली आणि संगणकाचा पडदा दाखवू लागली. त्या दिवशी बोळात इतका वेळ न हललेली वस्तू माणूस असणं शक्य नाही, असं ठरवून यंत्रणेनं त्या जागी कायमचा खांब नोंदवला होता. आता पैलवान तिथं नसले तरी गाड्या त्या जागेला वळसा घालत होत्या. आणि त्या वळशामुळे कोपऱ्यावरची रोजची कोंडी सुटून ट्रक लवकर निघू लागले होते. साहेबांनी आकडे पाहिले, घसा खाकरला आणि पैलवानांना म्हणाले, "डबा ठेवा खाली." बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा

ता. क. पैलवानांना गाड्यांच्या वाटांची देखरेख दिली आहे. ते आता गाड्यांना "बाई" म्हणतात.

ता. क. दुसरा. नव्या व्यवस्थेचा तक्ता भिंतीवर लागला. त्यात फळ्या आहेत, गाड्या आहेत, पैलवान आहेत. चष्मा पुसून परत पाहिला, मी नाही. साहेब म्हणाले, "घाई नाही, पुढचा महिना आहे की." तुमच्या रंगाच्या दुकानात एखादा जाणता माणूस लागत असेल तर कळवावं. घरी सांगितलेलं नाही, म्हणून भाचेसुनेचा फोन आला तर हवापाण्यावरच बोलावं.

ता. क. शेवटचा. कुठला डबा कुठं आहे ते अजून तुम्हीच लक्षात ठेवता ना? कुणी यंत्र विकायला आलं तर निदान मी रुजू होईपर्यंत त्याला चहा विचारू नका.