आधी साखळी, मग क्रेन

पुणे, ४ ऑगस्ट २०२५

ती. भीमराजदादास,
यशोधराचा जयभीम. वि. वि.

आईला फोनवर ऐकू येत नाही, तू वाचून दाखवलंस की सगळं कळतं, म्हणून पत्र. माझ्या शिव्या गाळून वाचतोस म्हणे. असो.

आमचं यंत्र पेशंटच्या उशाशी असतं, नाडीचा आकडा दाखवतं. मी त्याच्या पोटातलं, कर्नल म्हणतात त्या सगळ्यात आतल्या थराचं कोड लिहिते. तिथं दोन कामं एकाच वेळी चालतात. दोघांनाही दोन लॉक लागतात, आकड्यांचं आणि पडद्याचं. लॉक एकाकडे असलं की दुसऱ्यानं थांबायचं. पण एक आधी आकड्यांचं घेतं, दुसरं आधी पडद्याचं. एकाच क्षणी दोघांनी एकेक धरलं, की दोघंही थांबली ती थांबलीच.

असा उलटा क्रम दिसला की आमचा एक तपासनीस प्रोग्राम ओरडतो. अडकलेलं नसलं तरी. आमचे साहेब रंगनाथ सर म्हणाले, आठ महिन्यांत एकदाही अडकलं नाही, पंधरा सप्टेंबरला यंत्रं दवाखान्यांत जायचीत, इशारा बंद कर. केला.

आईला गुडघ्याचं तेल पाठवलंय. लोभ आहेच, जपून वापर.
तुझी, यशोधरा


नागापूर, १२ ऑगस्ट

चि. यशोधरा हिस,
दादाचा जयभीम. आई बरी हाय. तेल तिनं शेजारच्या पुष्पावतीला वाटलं.

तुझं ते अडकणं मला लगेच कळलं, तुला इंजिनेर करायला उगाच एवढी वर्षं लागली. आमच्या कारखान्याच्या शॉपमधी एक क्रेन आन् एक जाड साखळी. डाय, म्हंजे लोखंडाचा जड साचा, उचलायला दोनी लागतात. नियम हाय, आधी साखळी घ्यायची, मग क्रेन. पन साखळी पार त्या टोकाला. मी आधी क्रेनच वढतो. तिकडं माझ्या जोडीचा सहादेव साखळी धरून बसतो. मग तो म्हनतो तू सोड, मी म्हनतो तू सोड. लई हसतो. चार वर्षं झाली, कधी काय झालं न्हाई.

एक सांग, यंत्रात मग कोन सोडतं?
लोभ हायेच, गावाकडं पन फिरव.
तुझा दादा


पुणे, २० ऑगस्ट

ती. दादास, जयभीम.

कोणीच सोडत नाही. आरडाओरडा पण नाही. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. बघणाऱ्याला वाटतं, बहात्तर आहे, ठीक आहे.

घाईत लिहिलंय. लोभ पुढच्या पत्रात.
यशोधरा


नागापूर, ३ सप्टेंबर

यशोधरा,
जयभीम. डाव्या हातानं लिहितोय, अक्षराला हसू नको.

गुरुवारी डायची एक कड पहारीनं उचलून खाली लाकडी ठोकळा दिला हुता. क्रेन माझ्याकडं, साखळी सहादेवकडं. तू सोड, तू सोड. वीस मिनिटं गेली. मी ठोकळा सरळ करायला हात घातला, तो निसटला आन् डाय खाली बसली. उजवी करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट गेलं.

दुखत न्हाई. काहीच वाटत न्हाई. आई विचारते जेवला का, मी व्हय म्हनतो, मग आठवत न्हाई जेवलो का.

सहादेवनं भिंतीवर लाल रंगात नियम लिहिलाय. रोज येतो, बसतो, जातो.

तुझा तो इशारा बंदच हाय का अजून?
दादा


पुणे, १० सप्टेंबर

ती. दादास, जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. रडू आलं नाही. डबा भरला, ऑफिसला गेले, इशारा चालू केला. पहिल्या मिनिटात ओरडला.

रंगनाथ सर म्हणाले, आठ महिन्यांत अडकलं नाही. मी म्हणाले, माझ्या भावाकडंही चार वर्षं काही झालं नव्हतं. यंत्रं पंधराला जाणार नाहीत. क्रम सगळीकडे एकच केला, आधी आकडे, मग पडदा. सतरा ठिकाणी बदलावं लागलं. पुढच्या कामाच्या यादीत माझं नाव नाही.

शनिवारी येतेय. आईला भात मऊ कर म्हणून सांग, डाव्या हातानं घास नीट घेता येतो. सहादेवभाऊ येतील तेव्हा त्यांनाही ताट वाढू.

इशारा चालूच आहे. आज दिवसभर एकदाही ओरडला नाही. मी मात्र कान लावून बसले होते.

लोभ आहे तेवढा राहू दे.
यशोधरा