लाल दोऱ्याची काकडी

वाखनिंगन, हॉलंड
३ मार्च

प्रिय यम्मा,

आधी तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना सलाम, मग तुला.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. गेल्या वर्षी आपलं शेत पांढरं करणाऱ्या त्या भुरी रोगाला दाद न देणारं एक जंगली खरबूज सापडलंय. त्याचे पराग मी आपल्या फक्कूस काकडीच्या फुलांना लावते. फळ धरलं की लाल दोरा बांधते, तू बियाण्याच्या काकडीला बांधायचीस तसा.

आमच्या प्रयोगशाळेच्या मारायकाबाई विचारतात, "चिठ्ठी लावलीय ना, मग दोरा कशाला?"

म्हटलं, "आमच्याकडे दोऱ्याच्या काकडीला हात लावला तर चप्पल बसते."

आठवतं? मीठ लावून खाल्ली होती मी, आणि तू जैतुनाच्या झाडांपर्यंत मागे धावलीस!

नवी काकडी भुरीत तगली, पण चव अजून आपली नाही.

धाकटी हनान परवा फोनवर बोलून गेली, तू सगळंच बी मला पाठवलंस म्हणून. यम्मा, असं करतं का कुणी? अर्धं बी सोबत परत पाठवतेय. पेर. चव जुळवायला मला तुझीच काकडी लागेल.

आणि दोरा बांधच. तोडून खाणारी घरी नसली तरी.

तुझी चोरटी लेक,
लमीस